गोव्यातून कोकण रेल्वेची निसर्गसफर: आधी उजेड, मग बाजू, मग गाडी आणि तिकीट शेवटी

आमच्या फोंड्यात कुणाकडे पाहुणे आले की हमखास विचारतात, समुद्राकाठून वाफेच्या इंजिनाची सफर असते ना गोव्यात, ती कुठून मिळते? तर मंडळी, तशी गाडी इथं नाही. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली तेव्हा डिझेलवर धावत होती आणि २०२२ पासून सगळी लाईन विजेवर आहे, रोजच्या गाडीला वाफेचं इंजिन या लाईनवर कधी लागलंच नाही. पण खिडकीतून कोकण डोळे भरून बघायचं असेल तर तशी सफर आपली आपण जुळवता येते, साध्या तिकिटावर, दोन दिवसांत. लोक ती जुळवताना सगळं उलट्या क्रमानं करतात आणि पैसे घालवून बसतात, म्हणून एवढं लांब लिहितेय.

मीही तेच केलं होतं. डिसेंबरात आई-बाबांना काचेच्या छताच्या डब्यातून न्यायचं म्हणून एका एजंटकडून मडगावहून मुंबईकडे जाणाऱ्या जनशताब्दीची तिकिटं काढली. गाडी दुपारी सुटली, कुडाळ-कणकवलीपर्यंत छान चाललं होतं, पुढं ऊन उतरलं आणि रत्नागिरी यायच्या आत अंधार पडला. मग पनवेलपर्यंत बाबा त्या एवढ्या मोठ्या काचेत स्वतःचाच चेहरा बघत बसले. काही बोलले नाहीत ते, पण मला फार लागलं. तिकीट बरोबर होतं, डबा बरोबर होता, फक्त दिशा आणि वेळ चुकली होती.

त्यामुळे खालचा क्रम मोडू नका. मी सांगतेय तो मार्ग मडगाव ते रत्नागिरी आणि परत, एका बाजूनं सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास.

## टप्पा १: आधी महिना ठरवा

सगळ्यात चांगले दिवस म्हणजे पाऊस ओसरल्यावरचे, ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. गवत हिरवं असतं, नद्या भरलेल्या असतात, हवा धुतल्यासारखी स्वच्छ. फेब्रुवारीनंतर सडे, म्हणजे डोंगरावरचे कातळाचे माळ, पिवळे पडतात आणि लांबचं सगळं धुरकट दिसायला लागतं, तेव्हा जाऊन "एवढं काही नाही हो" म्हणणारे बरेच भेटतात.

भर पावसात जायची हौस असेल तर जरूर जा, धबधबे तेव्हाच असतात, पण दोन गोष्टी समजून जा. एक, पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, बरीच वर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ ला १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. दुसरं, जोरदार पावसात समोरचं दिसेना झालं की ड्रायव्हरला ताशी ४० किलोमीटरनं गाडी चालवायच्या सूचना असतात, त्यामुळे उशीर गृहीत धरूनच निघायचं. २०२४ च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल आला तेव्हा गाड्या थांबवाव्या लागल्या, काही वळवाव्या लागल्या. म्हणजे पावसात गेलात तर दुसऱ्या दिवशी ऑफिसला हजर व्हायचंच आहे असा बेत नको.

सावधान: चतुर्थीच्या आधीचे आणि नंतरचे आठ-दहा दिवस, शिमगा, नाताळ ते नवीन वर्ष या काळात सफर म्हणून जाऊच नका. गाड्या गावी जाणाऱ्या चाकरमान्यांनी भरलेल्या असतात, खिडकी मिळणार नाही आणि ज्याला खरंच घरी पोचायचंय त्याची जागा आपण हौसेसाठी अडवायची हेही बरं नाही.

## टप्पा २: उजेडाचं आणि बाजूचं गणित

हा टप्पा लोक पूर्ण सोडून देतात आणि खरं तर सगळं इथंच ठरतं.

लाईन दक्षिणोत्तर आहे. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, म्हणजे पश्चिमेकडच्या खिडकीतून बघताना सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि समोरची खाडी, माड, डोंगर उजळलेले दिसतात. दुपार कलली की पश्चिमेच्या काचेवर नुसती तिरीप येते, डोळे दिपतात, फोटो पांढरे येतात, तेव्हा पूर्वेची खिडकी चांगली. सकाळी पश्चिम, दुपारनंतर पूर्व, एवढं पाठच करा. मडगावहून रत्नागिरीकडे जाताना पश्चिम म्हणजे डावा हात, रत्नागिरीहून परत येताना उजवा.

आणि एक गैरसमज आधीच काढून टाका. कोकण रेल्वे म्हणजे खिडकीला लागून समुद्र, असं नाही. या पट्ट्यात लाईन बरीच आतून जाते, समुद्र जवळपास दिसतच नाही. दिसतात त्या नद्या, खाड्या, खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली खारी शेतं), खोल दऱ्या. पूर्ण लाईनवर लहानमोठे मिळून सुमारे २००० पूल आणि नव्वदच्या वर बोगदे आहेत, म्हणजे बघण्यासारखं जे काही आहे ते पुलावर आहे आणि ते अर्ध्या-एक मिनिटात संपतं. समुद्र बघायचाय म्हणून गेलात तर हिरमुसून याल, पूल बघायला गेलात तर मन भरून याल.

भरतीचा अंदाज: जुवारी आणि मांडवी या नद्या भरतीला वेगळ्या आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, अगदी वेगळ्या दिसतात. आपल्याकडे जुनी माणसं तिथीच्या पाऊणपट करतात तेच करा, अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, साधारण सहाला पूर्ण भरती. द्वादशी असेल तर नऊ. गोव्याच्या किनाऱ्यावर वेळ थोडी मागंपुढं होते पण दिवस निवडायला एवढं पुरतं. सकाळी नऊ-दहाला पूल ओलांडायचाय तर द्वादशी-त्रयोदशीच्या आसपासचा दिवस बघायचा. सुकतीला गेलात तरी वाईट नाही, चिखलात बगळे उतरलेले असतात, फक्त आपण काय बघायला चाललोय ते माहीत असावं.

## टप्पा ३: आता गाडी निवडा

जायला मांडवी एक्सप्रेस. मडगावहून सकाळी सुटते, रत्नागिरीला साधारण चार तासांत सोडते, आणि पूर्ण प्रवास उन्हात. यायला जनशताब्दी, कारण ती मुंबईहून पहाटे निघते, रत्नागिरीला सकाळी उशिरा येते आणि दुपारी मडगावात. म्हणजे काचेच्या डब्याचे पैसे द्यायचेच असतील तर ते या दिशेनं द्या. माझ्या आई-बाबांसारखं मडगावहून दुपारी निघून नव्हे.

एका दिवसात दोन्ही जमतं का, असं सगळे विचारतात. रत्नागिरीपर्यंत जाऊन नाही जमत, मांडवी तिथं पोचायच्या आधीच मडगावकडे येणारी जनशताब्दी निघून गेलेली असते. एकच दिवस असेल तर मांडवीनं कणकवली किंवा कुडाळला उतरा आणि तिथून जनशताब्दीनं परत या. त्यात रत्नागिरीच्या अलीकडचा पानवल नदीचा उंच पूल मात्र हुकतो, आणि तो हुकला की निम्मी सफर हुकली असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून दोन दिवस काढाच.

वंदे भारत आणि तेजस चांगल्या गाड्या आहेत, लवकर पोचायला. खिडकी उघडत नाही, वेग जास्त, बघता बघता पूल गेलेला असतो. कोकणकन्या रात्रीची, तिचा इथं प्रश्नच नाही.

चेक: वेळा मी मुद्दाम आकड्यांत देत नाहीये. पावसाळी आणि बिगरपावसाळी वेळा वेगळ्या असतात आणि कुणीतरी दोन वर्षांपूर्वी पाठवलेला स्क्रीनशॉट बघून स्टेशनवर गेलेली माणसं मी बघितलीत. तुमच्या तारखेची वेळ आणि थांबे आयआरसीटीसीवर तारीख टाकूनच बघा.

## टप्पा ४: तिकीट

बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे, आधीचे १२० दिवस डोक्यातून काढून टाका. विस्टाडोमच्या, म्हणजे त्या काचेच्या छताच्या, एका डब्यात फक्त ४४ सीट असतात, त्यामुळे शनिवार-रविवारचं हवं असेल तर ज्या दिवशी उघडतं त्याच सकाळी आठला बसायचं.

क्रम असा ठेवा:

१. आधी परतीचं विस्टाडोम काढा, रत्नागिरी ते मडगाव. क्लासच्या यादीत ते विस्टाडोम एसी म्हणून वेगळं दिसतं, साध्या चेअर कारवर बोट पडू देऊ नका. गाडी तीच आणि नाव तेच असल्यामुळे ही चूक फार होते.

२. ते कन्फर्म झालं की मगच जायचं मांडवीचं काढा. उलटं केलं की जायचं हातात आणि यायचं वेटिंगवर असं होतं.

३. मांडवीला स्लीपर घ्या, एसी नको. एसीची काच रंगीत असते आणि बाहेरून बऱ्याचदा धुळकट, तर स्लीपरची खिडकी वर सरकवली की मधे काहीच नाही, ओल्या मातीचा वास येतो, पुलावर चाकांचा आवाज बदलतो तो कळतो. प्रेफरन्समध्ये साइड लोअर मागा, म्हणजे ७, १५, २३, ३१ असे नंबर. ही जागा दिवसा समोरासमोर दोन खिडक्यांची होते, दोघांना उत्तम.

साइड लोअर पश्चिमेला येईल की पूर्वेला हे मात्र आधी कळत नाही, डबा कसा जोडलाय त्यावर ते असतं. काळजी नको, स्लीपरमध्ये समोरचा बे, म्हणजे सहा बर्थचा भाग, उघडा असतो, दोन पावलं टाकून दुसऱ्या बाजूनं बघता येतं, बसलेल्यांना नीट विचारलं की लोक खिडकी देतात.

रत्नागिरीहून कोटा कमी असतो. तिथून वेटिंग दाखवत असेल तर तिकीट मुंबईपासूनचं काढून बोर्डिंग स्टेशन रत्नागिरी टाकता येतं, पैसे जास्त जातात पण सीट मिळते. सावधान: बोर्डिंग रत्नागिरी करायला विसरलात तर टीसीच्या लेखी तुम्ही मुंबईला चढलाच नाहीत आणि सीट दुसऱ्याला जाऊ शकते. तिकीट हातात आल्यावर त्यावर बोर्डिंग काय छापलंय ते दोनदा वाचा.

ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट झाल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर आपोआप रद्द होतं, ते घेऊन डब्यात चढायचं नाही. "बघू, टीसीला सांगू" यावर वडीलधाऱ्यांना घेऊन निघू नका.

## टप्पा ५: आदल्या रात्रीची तयारी

एका कागदावर स्टेशनांचा आणि मधल्या नद्यांचा क्रम लिहून घ्या, मोठ्या अक्षरात. मोबाईलवर विसंबू नका, बोगद्यात रेंज जाते आणि नकाशा नेमका पुलाच्या वेळी अडकतो. आमचा कागद असा होता:

मडगाव, माजोर्डा, वेर्णा, जुवारी, करमळी, मांडवी, थिवी, कोलवाळला शापोरा, पेडणे, मडुरे, सावंतवाडी, झाराप, कुडाळ, सिंधुदुर्ग, कणकवली, नांदगाव, वैभववाडी, राजापूर रोड, विलवडे, आडवली, निवसर, पानवल नदी, रत्नागिरी.

दुसऱ्या वेळी बाबांना पुन्हा नेलं तेव्हा हा कागद आणि पेन्सिल त्यांच्याकडेच दिली होती. स्टेशन गेलं की ते नावावर बारीक टिक करायचे आणि पुलाच्या आधीचं स्टेशन आलं की सगळ्यांना उठवायचे. पूर्ण प्रवासात एकही पूल हुकला नाही.

सामानात पाणी, टोपी, जुना सुती रुमाल खिडकीच्या गजांसाठी, आणि फोनला हातात अडकवायची दोरी. ही दोरी विसरू नका, खिडकीबाहेर धरलेला फोन पुलावर निसटला की परत मिळत नाही.

## टप्पा ६: जायचा दिवस

मडगावला अर्धा तास आधी पोचा. स्टेशन कदंबा स्टँडपासून लांब आहे, बसनं येणाऱ्यांनी मधली रिक्षा धरूनच वेळ काढायचा. चढल्याबरोबर नाश्ता मागवू नका. मांडवीच्या पॅन्ट्रीचं नाव आहे आणि माणसं बसल्या बसल्या वडा-ऑम्लेट घेतात, पण गोव्यातल्या तिन्ही मोठ्या नद्या पहिल्या तासा-दीड तासातच येतात आणि ताटली मांडीवर असली की जुवारी गेली. पेडणे सोडल्यावर खा, निवांत.

जुवारी. वेर्णा गेलं की उभे राहा. बाजूला रस्त्याचे पूल आहेत, त्या बाजूनं खांब आणि ट्रकच दिसतात, तेव्हा इथं पश्चिम-पूर्व विसरा आणि रस्त्याच्या पुलांच्या उलट बाजूला जा, तिथं नदी मोकळी मिळते.

करमळी. स्टेशनला लागूनच तळं आहे, थंडीत पाहुणे पक्षी उतरतात. गाडी थांबली असेल तेवढ्यात बघून घ्या.

मांडवी आणि शापोरा. इथं फोटो काढायच्या नादाला लागू नका असं मी सांगेन, निदान पहिल्या वेळी. विजेच्या तारांचे खांब दर काही सेकंदांनी मधे येतात आणि दहातले आठ फोटो खांबाचे निघतात. व्हिडिओ लावून फोन स्थिर धरा आणि डोळ्यांनी बघा, नंतर त्यातून हवी ती फ्रेम काढता येते.

मडुरे म्हणजे महाराष्ट्र लागला. इथून कणकवलीपर्यंत बसा, खा, डुलकी काढा. गाडी मधेच कुठं तरी उभी राहील, घाबरायचं नाही, इथं एकच ट्रॅक आहे आणि समोरच्या गाडीला वाट द्यायला क्रॉसिंगला थांबावं लागतं. सावधान: क्रॉसिंगला खाली उतरू नका. समोरची गाडी गेली की आपली लगेच हलते, आणि मुलं-म्हातारी माणसं बरोबर असली की मग जी धावपळ होते ती बघवत नाही.

राजापूर रोडच्या पुढं डोंगर जवळ येतात, बोगद्यांमागून बोगदे. आडवली गेलं की पुन्हा तयारीत.

पानवल नदीचा पूल. निवसर आणि रत्नागिरीच्या मधे. ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब. गाडी ताशी ६० नं गेली तर हा पूल पंचवीस सेकंदात संपतो, एवढाच वेळ आहे तुमच्याकडे. निवसर दिसलं की पिशव्या बाजूला करा, मुलांना खिडकीशी घ्या, आणि खाली बघा, लांब नको. लोक समोरच्या डोंगराकडे बघत राहतात आणि खालची दरी निसटते. माडांचे शेंडे हिरव्या टिकल्यांसारखे दिसतात तिथून, आणि गाडीची सावली कधी कधी उतारावर आपल्याबरोबर पळताना दिसते.

दारात उभं राहायचं नाही, लटकायचं तर नाहीच. बोगद्याची भिंत आणि सिग्नलचे खांब डब्याच्या किती जवळून जातात ते आतून कळत नाही. खिडकीतून जे दिसतं ते पुरेसं आहे.

## टप्पा ७: रत्नागिरीची रात्र

थोडक्यात सांगते. स्टेशन शहराबाहेर कुवारबावकडे आहे, रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा. संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर सूर्यास्त, वेळ उरला तर थिबा राजवाडा, पण तो सोमवारी बंद असतो हे धरून चाला. सकाळी गाडी चुकू नये म्हणून स्टेशनच्या बाजूला खोली घेतली तर किनारा लांब पडतो, मी तरी शहरात राहून सकाळी लवकर निघते.

## टप्पा ८: परतीचा विस्टाडोम

सकाळी उठल्यावर आधी गाडी कुठं आहे ते ॲपवर बघा, ती पहाटेच मुंबईहून सुटलेली असते, त्यामुळे उशीर असेल तर आधीच कळतो. तीन तासांपेक्षा जास्त उशीर असेल आणि जायचं नसेल तर गाडी तुमच्या स्टेशनवरून सुटायच्या आत टीडीआर (पैसे परत मागायचा ऑनलाइन अर्ज) भरा, पूर्ण पैसे परत मिळतात. गाडी निघून गेल्यावर भरला तर उपयोग नाही.

प्लॅटफॉर्मवर विस्टाडोम कुठं लागतो ते आधी विचारून त्याच टोकाला उभे राहा. डब्याच्या एका टोकाला मोठ्या काचेची बघायची जागा असते. गाडी उलट फिरली की तोच डबा एका दिशेनं सगळ्यात शेवटी येतो आणि दुसऱ्या दिशेनं इंजिनाच्या मागं. शेवटी असेल तर त्या काचेतून मागं पळणारे रूळ, बोगद्याचं लहान लहान होत जाणारं तोंड असं सगळं दिसतं. इंजिनाच्या मागं असेल तर तिथं इंजिनाशिवाय काही दिसणार नाही, मग त्या जागेसाठी भांडू नका, आपल्या सीटवरून छताकडे बघा.

सगळ्यात महत्त्वाचं, पानवल नदी इथं रत्नागिरी सोडल्यावर थोड्याच वेळात येते. लोक अजून बॅगा वर ठेवत असतात, सीट फिरवून बघत असतात, आणि पूल होऊन जातो. चढलात की बॅग पायाशी टाका आणि थेट खिडकीला लागा, बाकीचं निवसरनंतर.

काचेला फोन टेकवून धरला की आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब येत नाही. गडद रंगाचा शर्ट घाला, पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब प्रत्येक फोटोत येतं, हे मला चार वेळा जाऊन कळलं. सीट फिरतात, पण फिरवायच्या आधी मागच्याला सांगा, त्याच्या मांडीवर चहा असतो.

कणकवली-कुडाळपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि छतातून चटका बसतो. आई-बाबांच्या डोक्यावर टोपी इथंच लागते. गोव्यात शिरेपर्यंत दुपार होते, तेव्हा उजवी खिडकी सोडून डावीकडे सरका, मांडवी आणि जुवारी त्या बाजूनं स्वच्छ दिसतात.

पणजी, म्हापसा, फोंडा कुठं जायचंय त्याप्रमाणे उतरायचं स्टेशन आधीच ठरवा. म्हापशाला थिवी, पणजीला करमळी, फक्त तुमच्या तारखेला गाडी तिथं थांबते की नाही तेवढं बघून घ्या. आम्ही फोंड्याचे, गाडी मडगावला लावलेली असते म्हणून शेवटपर्यंत जातो, आणि बाबांच्या कागदावर दुसऱ्या बाजूनं आता उलट्या क्रमाची यादी लिहिलेली असते, तीवर जुवारीला टिक झाली की ते पेन्सिल खिशात ठेवतात आणि आईला म्हणतात, चल, बॅगा काढूया.